बाळासोंना सापडलेले चार दाणे

बाळासो नावाच्या एका खाटकावर मी वर्षभर जळत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहीन, तेव्हा ते किती नाइलाजाने लिहिलेत हे तुम्हाला कळायला हवं.

मी उमा. माहेर वाईचं, सासर साताऱ्याचं, नोकरी साताऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्याची. माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे, आणि मटणाचं दुकान दिसलं की आई आमचा हात धरून रस्ता ओलांडायची. अशा घरातली मी, चाळिशी जवळ आल्यावर, रोज सकाळी सात वाजता शहरातल्याच गोडोली भागातल्या एका मटणाच्या दुकानात नाकाला ओढणी लावून उभी राहू लागले. हे सगळं पीएच.डी.पायी.

विषय मी स्वतः निवडला होता, म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही. गळ्यात थायरॉइडच्या आसपास चार बारीक ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की त्या आपलं हार्मोन सोडतात, ते हार्मोन हाडांकडून कॅल्शियम मागून आणतं आणि रक्तातली तूट भरून काढतं. म्हणजे या ग्रंथी मुख्यतः कॅल्शियमचं ऐकतात. पण आणखी कुणी त्यांच्या कानाला लागतं का, हा माझा प्रश्न होता. मज्जातंतू ज्या रसायनांतून निरोप देतात त्यात डोपामाइन आहे, अॅड्रेनॅलिन आहे. गाईगुरांच्या ग्रंथींवर डोपामाइन टाकलं की हार्मोन जास्त सुटतं, हे परदेशात फार पूर्वी दाखवून झालं होतं. आपल्याकडच्या बोकडांत काय होतं ते मला बघायचं होतं. बोकड कापल्यावर अर्ध्या तासात ग्रंथी काढायच्या, त्यांचे काप करून कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोमट द्रावणात ठेवायचे, निम्म्या कापांवर डोपामाइन टाकायचं आणि किती हार्मोन सुटलं ते मोजायचं. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

माझे गाइड वीरधवल सर सांगलीला असतात. माणूस विद्वान, आणि कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. सहा वर्षांत त्यांनी माझं केलेलं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे, "ठीक आहे, पुढे चला." पहिली पाच वर्षं वाचनात आणि परवानग्यांत गेली. मग मी महिनाभर वेगवेगळ्या दुकानांतून बोकडाच्या माना पिशवीत घालून आणल्या, तासन्‌तास चिमट्याने उकरल्या आणि जे सापडलं ते ग्रंथी म्हणून बर्फात घालून एसटीने सांगलीला नेलं. सरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मान वर न करता म्हणाले, "उमाताई, ही चरबी आहे." पुढच्या खेपेला लसीकाग्रंथी निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला लाळेच्या ग्रंथीचा तुकडा. तेव्हा सर चष्मा काढून पुसत बसले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

अशात एकदा गोडोलीच्या त्या दुकानात मी मान मागितली. दुकानदार पन्नाशीचा, काटक, डोक्याला रुमाल. त्याने विचारलं, "नुसती मान? काय हुडकताय बाई तिच्यात?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. शिकवण्याच्या नोकरीत ही एक वाईट खोड लागते.

"न्हाई कळलं तर न्हाई. दावा तरी."

मी मोबाइलवरचं चित्र पुढे केलं. त्याने हात पुसून मोबाइल लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आवं, हे माणसाचं चित्र हाय. बकऱ्याचं हितं नसतंय. मोठी शीर वर जाऊन फुटती का न्हाई, तितं असतंय."

आणि त्याने सुरी घेतली. मी घड्याळात बघितलं नाही, पण मिनीटसुद्धा झालं नसेल. उजवीकडून एक, डावीकडून एक, मग थायरॉइड अलगद चिरून तिच्या आत दडलेले आणखी दोन. तांबूस, ज्वारीच्या दाण्याएवढे. ते त्याने वाटीत मिठाच्या पाण्यात टाकले. चारही तळाशी गेले.

"चरबी असती तर तरंगली असती," तो म्हणाला. "आन्‌ ती दुसरी गाठ करड्या रंगाची असती. ही तांबडी हाय. न्या."

ते बाळासो. त्या चार दाण्यांतले दोन मी सांगलीला नेले. सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, परत पाहिलं, आणि खुर्चीतून उठले. "कुणी काढले?" मी नाव सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सर पहिल्या एसटीने साताऱ्याला आले, दुकानात उभे राहून तो चमत्कार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाले, "हात असावा तर असा!"

सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य. ते माझ्या देखत एका खाटकाला मिळालं, आणि मला त्यांच्या मागे हसून उभं राहावं लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिथून पुढे हे वाढतच गेलं. सर थेट बाळासोंना फोन करू लागले. "तुमच्यामुळे काम सुरू झालं, बाळासो." मुलांना ग्रंथी काढून दाखवायला म्हणून त्यांना सांगलीला बोलावलं, पाहुण्याच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली. खात्याच्या फलकावर त्यांच्या तळहाताचा मोठा फोटो लागला, त्यावर चार दाणे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: छायाचित्र, उमा मॅडम. सहा वर्षांच्या संशोधनानंतर फलकावर माझं नाव लागलं ते फोटोग्राफर म्हणून. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "फोटो चांगला आलाय ना, मग झालं."

बाळासोंची माहिती मी कधी मुद्दाम विचारली नाही. पण रोज उभं राहायचं म्हटल्यावर कानावर पडतंच. ते मूळचे माण या दुष्काळी तालुक्यातले, दहिवडीच्या पुढचं गाव. वडील दुसऱ्यांची शेरडं राखायचे. पाऊस गेला की गावातले बाप्ये मुंबई धरायचे, तसे हेही सतराव्या वर्षी गेले आणि एका दुकानात सुरी शिकले. तिथल्या दिवसांबद्दल ते एकच सांगायचे, "दिसाला एवढी कापायचो मॅडम, की बकऱ्याचं तोंड बी बघाया येळ न्हवता." लग्नानंतर परत आले आणि साताऱ्यात स्वतःचं दुकान टाकलं. तिथे मात्र त्यांनी आपले नियम लावले. एका वेळी एकच बोकड. तो आदल्या दिवशी आणून जोडीदारासोबत मागच्या अंगणात बांधायचा, बाभळीच्या शेंगा घालायच्या. एका बोकडाचं दुसऱ्याने बघायचं नाही, म्हणून मध्ये गोणपाटाचा जाड पडदा. कापायच्या आधी मानेवरून हात फिरवत त्याच्याशी काहीतरी पुटपुटत राहायचं. एक झाला की फरशी धुवायची, चांगली दोन-तीन बादल्या, वास जाईपर्यंत. मगच दुसरा.

या सोपस्कारांत माझा अर्धा अर्धा तास जायचा. गिऱ्हाईकं थांबायची, कुरकुरायची, पण पुन्हा तिथेच यायची. मला वाटायचं, काय ही नाटकं. शेवटी कापायचाच आहे ना?

एकदा मी घाई करत होते, तेव्हा फरशी धुता धुता त्यांनी विचारलं, "मॅडम, भ्यालेल्या बकऱ्याचं मटण काळं पडतंय, शिजाया बी लय येळ घेतंय. मग हे दाणं बी भीत असतील का?"

"ग्रंथी भीत नसतात, बाळासो," मी म्हणाले. "भितो तो प्राणी."

"तेच म्हंतो मी. पर प्राणी भ्याला तर त्याच्या दाण्याला कळत आसंलच की."

मी घड्याळाकडे बोट केलं. खाटकाने मला संशोधनाचे प्रश्न सुचवावेत एवढी वेळ अजून आलेली नव्हती.

मग एका सकाळी बाळासोंना बाजारातून यायला उशीर झाला आणि त्यांच्या बायकोने, विजयमालाताईंनी, मला दुकानामागच्या घरात बोलावून बसायला खाट दिली. ठेंगणी, हसतमुख बाई. गळ्यावर आडवा जुना व्रण. माझ्यापुढे चहा ठेवताना त्यांचा उजवा हात एकाएकी आखडला. बोटं एकत्र येऊन पुढे ताठली, अंगठा आत गेला. कासार बांगडी भरताना आपला हात जसा दाबून धरतो, अगदी तसा. कप कलंडला. तेवढ्यात बाळासो आले. त्यांनी तो हात स्वतःच्या हातात घेतला, बोटं एकेक करून चोळत उघडली, फळीवरच्या डबीतून दोन गोळ्या काढून तिच्या तोंडात घातल्या, आणि चहा बशीत ओतून तिच्या ओठांना लावला. बायकोला बशीने चहा पाजणारा पुरुष मी आमच्या सबंध नात्यात पाहिलेला नाही. मी मान दुसरीकडे वळवली.

"अकरा वर्सं झाली," विजयमालाताई म्हणाल्या. "गळ्याला ही एवढी गाठ आलती. मोठ्या दवाखान्यात काढली. गाठीसंगं हे चार दाणं बी गेलं म्हंत्यात. तवापासनं गोळी चुकली की हात असा व्हतोय, ओठाला मुंग्या येत्यात."

बाळासो हात धूत होते. "डॉक्टर म्हणला, भाताच्या दाण्यावानी असत्यात, गाठीला चिकटल्याल्या असत्यात, चरबीत दिसत न्हाईत. त्याचा बी दोष न्हाई. पर मी म्हणलं, माझा जलम मानी कापण्यात गेला आन्‌ मला हे दाणं ठावं न्हाईत? परत आल्यावर पयल्या दिसापासनं हुडकाया लागलो. दोन वर्सं लागली मॅडम. दवाखान्यातल्या एका नर्सबाईला कागदात गुंडाळून दावलं, तवा ती म्हणली, व्हय, हेच."

म्हणजे त्या एका मिनिटाच्या मागे दोन वर्षं होती, आणि त्या दोन वर्षांच्या मागे ही बाई. माणूस म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही. पण खरं सांगते, त्याच्या आधी वाटला तो मत्सर. आधी फक्त त्यांच्या हाताचा होता, आता बशीचाही झाला.

तोवर चौदा बोकड झाले होते आणि निकाल सुरेख येत होते. साध्या द्रावणात ग्रंथी थोडंसं हार्मोन सोडायच्या आणि डोपामाइन टाकलं की ते जवळजवळ दुप्पट व्हायचं. सरांना मी आलेख दाखवला. सर म्हणाले, "ठीक आहे. बरं, बाळासोंसाठी एक चांगली बातमी आहे." सांगलीतल्या एका मेडिकल कॉलेजात सरांचे मित्र शस्त्रक्रिया शिकवतात. गळ्याची ऑपरेशनं शिकणाऱ्या त्यांच्या तरुण डॉक्टरांपुढे बाळासोंनी हे दाणे काढून दाखवायचे, असं ठरलं होतं. अक्षरं धड जोडता न येणारा माणूस डॉक्टरांना शिकवणार. माझी तिथे तासिका घेण्याची सहा वर्षांची इच्छा सरांना माहीत होती.

बाळासोंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगितलं. पांढरा शर्ट शिवायला टाकला. मला म्हणाले, "मॅडम, तुमी बी संगं असाल न्हवं? मला बोलाया यायचं न्हाई." मी म्हणाले, बघू.

आणि मी ठरवलं, आता हा माणूस बास.

इतक्या दिवसांत पाहून पाहून ग्रंथी काढायला मीही शिकले होते. मग गोडोलीला जायची गरजच काय? औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर एक मोठं दुकान होतं. तिथे पडदा नाही, पुटपुटणं नाही, पंधरा मिनिटांत चार बोकड. सगळे एका दोरीला ओळीने बांधलेले, पहिला कापताना बाकीचे ओरडायचे, पाय झाडायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे. महिन्याभरात बारा बोकडांच्या ग्रंथी मी माझ्या स्वतःच्या हाताने काढल्या. मिठाच्या पाण्यात बुडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या निघाल्या. इतका अभिमान मला एम.एस्सी.च्या निकालालाही वाटला नव्हता.

निकाल आले आणि पायाखालची जमीन सरकली. साध्या द्रावणातच या ग्रंथींचं हार्मोन भरमसाट वर होतं, आणि डोपामाइन टाकलं तरी त्यात काहीही फरक पडत नव्हता. मला वाटलं डोपामाइन खराब झालं असेल, ते हवेने तपकिरी होतं. नवीन बाटली आणली. तेच. हार्मोन मोजायचं किट बदललं. तेच. चौदा बोकड एक सांगत होते आणि बारा बोकड त्याच्या बरोबर उलट. असा प्रबंध कुणीही स्वीकारला नसता.

सांगलीला सरांच्या खोलीत आकडे टेबलावर पसरलेले. सरांनी विचारलं, "नमुने सगळे बाळासोंकडचेच ना?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक अक्षर. विचार करायला वेळच नव्हता असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण वेळ होता.

सरांनी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाळासो, मागच्या महिन्यात तुम्ही जे काढून दिलंत त्यात गडबड आहे. नीट बघून काढलंत का?"

पलीकडे पाण्याचा आवाज. फरशी धूत असणार. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे एकदाही गेले नव्हते, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आता ते सांगणार म्हणून मी हातातली पेन्सिल घट्ट धरली.

"माझ्याच हातनं झालं असंल सर," बाळासो म्हणाले. "मॅडमना रागवू नगा."

सरांनी फोन ठेवला. "माणूस आहे, हात चुकायचाच. पण मग डॉक्टरांपुढे उभं करायची जोखीम नको," असं म्हणून त्यांनी मित्राला कार्यक्रम रद्द झाल्याचं कळवलं. इतके दिवस मला जे हवं होतं ते माझ्यासमोर झालं. सांगली ते सातारा एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि कराड येईपर्यंत खूश होते. कराडच्या पुढे ते टिकलं नाही.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. माफी मागायला गेले असं म्हणायला मला आवडेल, पण मी बघायला गेले होते की त्यांनी कुणाकुणाला सांगितलंय. दुकानात बाळासो नव्हते. विजयमालाताई मागच्या दारी बोकडापुढे शेंगा टाकत होत्या. मला बघून त्या हसल्या नाहीत.

"तुमी दुसरीकडं जाताय ते आमाला पंधरा दिस आधीच कळलंतं," त्या म्हणाल्या. "तितला माणूस आमच्या वळखीचा हाय."

"मग सरांना त्यांनी सांगितलं का नाही?"

"मी बी तेच इचारलं. लय भांडलो आमी. म्हणलं, तुझी कापायची चूक असंल तर मला दाव. तर म्हणला, बाईमाणसानं सा वर्सं घातल्यात त्यात, तिचं कशाला मोडायचं? माझं काय, मला काय डिग्री पायजे व्हय." त्यांनी दोरीवरच्या पांढऱ्या शर्टाकडे हात केला. "त्यो तेवढा धुवून वाळत टाकला. नुसता घालून बघितल्यानं शर्ट मळत न्हाई, पर धुतला."

मी खाली बघत उभी राहिले. समोर बांधलेला बोकड संथपणे शेंगा चघळत होता, कान सैल सोडून. त्या दुसऱ्या दुकानातल्या ओळीची आठवण झाली, ते ओरडणं, ते डोळे. आणि मग पडदा, बादल्या, मानेवरचा हात. भ्यालेल्या बकऱ्याचं दाणं बी भीत असतील का?

डोक्यात लख्ख उजेड पडला. निकाल चुकले नव्हतेच. भेदरलेल्या बोकडाच्या रक्तात अॅड्रेनॅलिन उसळलेलं असणार, मज्जातंतूंनी ग्रंथींना आधीच हाका मारमारून उठवलेलं असणार. त्यांनी जोर लावून हार्मोन सोडायला सुरुवात केलेली, मग माझ्या थेंबभर डोपामाइनने त्या आणखी काय हलणार? बाळासोंचे बोकड शांत मरत होते, म्हणून त्यांच्या ग्रंथी माझ्या डोपामाइनचं ऐकत होत्या. मी सहा वर्षं पुस्तकांत शोधत होते ते गोणपाटाच्या त्या पडद्यामागे होतं. दोन दुकानांचे सव्वीस बोकड एकत्र मांडले तर माझ्या प्रबंधातलं सर्वांत भक्कम प्रकरण तयार होत होतं.

आता माझी लबाडी ऐका. रस्त्याने घरी येताना मी ते प्रकरण मनात लिहूनसुद्धा टाकलं. 'भीतीचा परिणाम तपासण्यासाठी दोन वेगळ्या ठिकाणांहून नमुने हेतुपुरस्सर घेतले.' हेतुपुरस्सर! किती सुंदर शब्द. सरांना सांगायचं, मीच मुद्दाम तसं योजलं होतं, आधी बोलले नाही कारण निकाल बघायचा होता. खोटं झाकलं जात होतं, कल्पना माझी होत होती, आणि बाळासोंनी तर चूक आपणहून कबूल केलीच होती. आठवडाभर मी ते वाक्य घोटत होते. स्वयंपाक करताना, पेपर तपासताना. प्रत्येक वेळी शेवटी तो दोरीवरचा शर्ट दिसायचा आणि मला त्या माणसाचा नव्याने राग यायचा. भांडला असता तर मला किती सोपं गेलं असतं!

शेवटी सांगलीला गेले. आलेख सरांपुढे ठेवला, पडद्याचं आणि बादल्यांचं सगळं सांगितलं. सर पुढे झुकले, डोळे चमकले. "उमाताई, ही कल्पना..." ते वाक्य कसं संपणार हे मला दिसत होतं. सहा वर्षं थांबले होते मी त्याच्यासाठी.

"माझी नाही," मी म्हणाले. "बाळासोंनी मला विचारलं होतं, मी उडवून लावलं. आणि ते बारा बोकड त्यांचे नव्हतेच सर. मी खोटं बोलले. त्यांचं कौतुक मला बघवत नव्हतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "मी करू की तुम्ही?"

मीच केला. बाळासोंना सांगितलं की सरांना सगळं कळलंय, मीच सांगितलंय, आणि डॉक्टरांपुढचा कार्यक्रम पुन्हा ठरतोय. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, निदान एक टोमणा तरी.

"व्हय का?" ते म्हणाले. "मग शर्टाला इस्त्री करतो."

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही तिघं एसटीने निघालो. विजयमालाताई खिडकीशी, बाळासो मधे, मी कडेला. वाटेत एक गोष्ट माझ्या मनात खुपत होती, ती मी बोलून टाकली. आमच्या कामातून उद्या एखादं औषध निघालंच, तरी ते ग्रंथींना जागं करण्याचं असेल. ज्यांच्या गळ्यात ग्रंथीच उरल्या नाहीत त्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांना गोळ्याच घ्याव्या लागणार. मी हे इतके दिवस सांगितलं नव्हतं.

"ठावं हाय की," बाळासो म्हणाले. "पयल्या वर्सीच डॉक्टरनं सांगिटलंय."

"मग तुम्ही एवढं सगळं कशासाठी करत होता?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. बायकोच्या मांडीवरची गोळ्यांची पिशवी घसरत होती ती उचलून आपल्याकडे घेतली.

मेडिकल कॉलेजात चाळीसेक तरुण डॉक्टर होते. टेबलावर बोकडाची मान, मोठा दिवा, मागे पडद्यावर कॅमेऱ्याने मोठं करून दाखवलेले बाळासोंचे हात. आधी दोघातिघांनी प्रयत्न केला. चरबी निघाली. मग बाळासोंनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एका मिनिटात चारही दाणे मिठाच्या पाण्यात टाकले. पोरं उठून टेबलाभोवती जमली.

"बकऱ्याचं वर असतंय, माणसाचं गाठीच्या पाठीमागं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. बोलायला येत नाही म्हणणारा माणूस. "जागा येगळी, पर रंग असाच तांबूस आन्‌ आकार असाच, आसं डॉक्टर म्हंत्यात. तवा चरबी म्हणून फेकायच्या आधी पाण्यात टाका. बुडलं तर थांबा. लय घाई करू नगा."

एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही हे कुठे शिकलात?"

बाळासोंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. विजयमालाताईंनी पदर गळ्यावरून बाजूला केला. तो आडवा व्रण दिव्याच्या उजेडात सगळ्यांना दिसला.

"हिच्या गळ्यात," ते म्हणाले. "तितं न्हाईत, म्हणून शिकलो."

बसमध्ये मी विचारलेल्याचं उत्तर मला तिथे मिळालं. प्रबंधात त्यांचं नाव पहिल्या पानावर आहे, तो प्रश्नही त्यांच्या नावाने आहे, सरांनी आता मला तिथे तासिकाही मिळवून दिल्या आहेत. म्हणजे तो जुना मत्सर संपला म्हणायला हरकत नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत मला विजयमालाताईंचा जो हेवा वाटला तो अजून जात नाही. माझं काही हरवलं म्हणून दोन वर्षं कुणी असं हुडकत बसलं नसतं, हे मला उभ्या उभ्या कळलं.

"मॅडम, वाटी धरा जरा," बाळासो म्हणाले. "पोरास्नी जवळनं बघू द्या."

मी वाटी धरली.